एम ३३ दीर्घिका दिसत नाही म्हणून दुर्बीण विकायला काढू नका

बालाघाटी (बीड), २२ नोव्हेंबर २०२५

गेल्या आठवड्यात इथल्या खरेदी-विक्रीच्या धाग्यात एका मित्रानं आठ इंची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) विकायला काढली. कारण एका ओळीत: ‘ग्रह छान दिसतात, दीर्घिका एकपण दिसत नाही, आरशात दोष असावा.’ वाचून हसू आलं आणि पोटात कालवलंही. गेल्या वर्षी हीच जाहिरात मी मनातल्या मनात शब्दासकट तयार ठेवली होती.

माझीपण आठ इंचीच. २०० मिमीचा आरसा, १२०० मिमी नाभीय अंतर. घर बीड शहरात, गच्ची मोकळी, पण चौकात हायमास्ट. शनीची कडी, गुरूचे चंद्र यात वर्ष गेलं आणि मग दीर्घिकांची हाव सुटली. ॲपमध्ये पाहिलं तर त्रिकोणातल्या एम ३३ दीर्घिकेची प्रत (तेजाचा आकडा) ५.७, सप्तर्षीतल्या एम ८१ ची ६.९. प्रत जेवढी कमी तेवढी वस्तू तेजस्वी, हे आपण शिकलेलो. एम ८१ तर मला गच्चीवरून कशीबशी दिसली होती. म्हणजे एम ३३ हातचा मळ! आठ रात्री त्रिकोण तारकासमूहाशेजारी नळी फिरवत बसलो. काही नाही. कोलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत आणणं, तीनदा केलं. शेवटी आरसाच बाद आहे असं स्वतःला पटवून दिलं.

परवा गुरुवारी अमावस्या होती. नळी मागच्या सीटवर आडवी, बैठक डिकीत, असं करून पाटोद्याकडं आमच्या शेतात गेलो. डोंगरावरच्या पवनचक्क्यांचे लाल दिवे सोडले तर चौफेर काळोख. साडेनऊला त्रिकोण डोक्यावर आला. २५ मिमीचा आयपीस, ४८ पट. दहा मिनिटं पुन्हा तेच. वैतागून नळीला धक्का लागला, दृश्य हललं, आणि त्या हलण्यात आणखी काहीतरी हललं. फळा ओल्या फडक्यानं पुसला की वाळल्यावर जो पांढुरका फराटा राहतो ना, तसं. नजर रोखली की गायब, शेजारच्या ताऱ्याकडं पाहिलं की हजर. अर्ध्या तासानं त्याच्या कडेला एक बारीक गाठ दिसायला लागली. घरी येऊन नकाशा पाहिला. एनजीसी ६०४. म्हणजे मृगातला तेजोमेघ आपण बघतो तसाच तारे जन्माला घालणारा ढग, पण आपल्या नव्हे, शेजारच्या दीर्घिकेतला, सुमारे २७ लाख प्रकाशवर्षांवरचा!

आरसा तोच, डोळा तोच. मग गच्चीवर काय झालं होतं? तो ५.७ चा आकडा फसवतो. दीर्घिकेचा सगळा उजेड गोळा करून एका टिंबात ओतला तर ती किती तेजस्वी दिसेल, एवढंच तो सांगतो. पण एम ३३ टिंब नाही. तिची लांबी पौर्णिमेच्या दोन चंद्रांपेक्षा जास्त भरते. तांब्याभर पाणी ताटात ओतलं तर दिसतं, तेच अख्ख्या अंगणात शिंपडलं तर धूळसुद्धा बसत नाही. बीडच्या गच्चीवर त्या शिंतोड्यांपेक्षा आभाळाचाच उजेड जास्त. दुर्बीण दीर्घिकेबरोबर ते उजळ आभाळही मोठं करून दाखवते, त्यामुळं इंच वाढवूनही फरक पडत नाही.

तर त्या मित्रानं विकायच्या आधी एकदा माळावर चलावं. जागा माझी, भाकरी माझी.

खडूस, २२ नोव्हेंबर

थोडक्यात: दीडशे किलोमीटर येणं-जाणं, रात्रभर थंडी, आणि पदरात पुसलेल्या फळ्याचा फराटा. आमच्या शाळेत हा फुकट दिसायचा.

लातूरकर_७० (लातूर), २२ नोव्हेंबर

बालाघाटी दादा, लेख आवडला पण धडकीपण भरली. माझ्याकडं ७० मिमीची भिंगाची दुर्बीण आहे, पोराच्या नावानं घेतलेली आणि मीच वापरतो. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनी पूर्वेला. तुम्हाला आठ इंचात एवढी मारामार, तर मी काय बघावं? आणि एक बावळट प्रश्न, फोटोतली देवयानी दीर्घिका जांभळी-गुलाबी असते ती कुठं जाते?

गोदाकाठ (गंगाखेड), २३ नोव्हेंबर

लातूरकर, प्रश्न बावळट नाही. अंधारात डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळतच नाही. रंग ओळखणाऱ्या पेशी नजरेच्या मधोमध गर्दी करून असतात आणि त्यांना उजेड लागतो. कडेच्या पेशी उजेडाला हावरट, पण रंगआंधळ्या. म्हणून फिकट वस्तूकडं सरळ बघायचं नाही. थोडं बाजूला बघायचं आणि लक्ष मात्र तिच्यावर ठेवायचं. लग्नात मुलगी बघायला गेलेला मुलगा जसा चहाच्या कपाकडं बघतो, तसं.

दुसरं, डोळ्याला वेळ द्या. वीस मिनिटं तरी पूर्ण अंधारात बसल्याशिवाय आयपीसला डोळा लावू नका, चाळीस झाली तर उत्तम. डोळ्यात जे रसायन हळूहळू साठतं ते मोबाईलच्या एका पांढऱ्या झगाट्यानं उडून जातं आणि हिशेब पुन्हा पहिल्यापासून. मोबाईलचा ‘लाल मोड’पण मला जास्तच वाटतो. मी बॅटरीच्या काचेवर बायकोचं लाल नेलपॉलिश दोन हात मारून ठेवलंय. तिला अजून माहीत नाही.

तिसरी गोष्ट फुकट आहे आणि तिला तोड नाही: वाकळ. डोकं आणि आयपीस दोन्ही वाकळेखाली घ्यायचं, जुन्या फोटोग्राफरसारखं. दूरच्या आखाड्यावरचा एक बल्बसुद्धा तिरप्या डोळ्यात शिरून घात करतो. मी वाकळेखाली गेलो की आठ इंची दुर्बीण दहा इंची झाल्यासारखी वाटते. फक्त श्वास आयपीसवर सोडू नका, गंगेकाठच्या दवात काच आधीच भिजायला टपलेली असते.

७० मिमीत काय? भरपूर आहे. देवयानी तर आहेच. आपल्याकडून ती डोक्याच्या जवळ जाते, आणि तिच्याशेजारी एम ३२ चा बारका ठिपका शहराबाहेर गेलात तर सहज दिसेल. पहाटे उत्तरेला सप्तर्षीत एम ८१ आणि एम ८२, दोन्ही एकाच दृश्यात, एक अंडाकृती आणि एक सुपारीच्या काडीसारखी. दक्षिणेला एनजीसी २५३ ही दीर्घिका (एनजीसी म्हणजे अशा वस्तूंची दुसरी मोठी यादी). ही मला सगळ्यांत लाडकी. २८३ नाही, २५३, गेल्या वेळी एकानं चुकीचा आकडा टाकून तीन जणांना रात्रभर फिरवलं होतं.

ही २५३ कॅरोलाइन हर्शेलला १७८३ मध्ये सापडली, धूमकेतू शोधताना. इंग्लंडातून ती क्षितिजाला घासून जाते. आपण १९ अंशांवर, आपल्याकडं ती निम्म्या आकाशापर्यंत चढते. दक्षिणेचं हे आभाळ आपल्याला आयतं मिळालंय आणि आपण उत्तरेच्या पुस्तकांतल्या याद्या घेऊन बसतो.

पिक्सेल (छत्रपती संभाजीनगर), २३ नोव्हेंबर

सगळ्यांचा आदर ठेवून सांगतो, २०२५ साली वाकळ? माझ्याकडं सीस्टार एस५० ही कॅमेऱ्याची दुर्बीण आहे. ५० मिमीचं भिंग, गच्चीवर ठेवायची, मोबाईलवर एम ३३ निवडायचं, खाली जाऊन जेवायचं. दहा-दहा सेकंदांच्या फ्रेम ती स्वतः एकावर एक रचते. जेवून वर येईपर्यंत सर्पिल हात दिसतात, रंगासकट, शहराच्या मधोमध. बालाघाटींना आठ इंचात जे अर्ध्या तासानं भासलं ते मला दोन इंचात स्पष्ट दिसतं. मग खरं ‘दिसणं’ कुठलं?

गोदाकाठ, २३ नोव्हेंबर

पिक्सेलभाऊ, भांडण नाही. डोळा उजेड साठवत नाही, सेकंदाच्या आत हिशेब मिटवून पाटी कोरी करतो. कॅमेरा तासभर साठवतो. त्यामुळं तुमची दुर्बीण जिंकणारच, आणि धूमकेतूची शेपूट मोजायला, त्याचं तेज रोज टिपायला मला स्वतःला तुमच्याच फोटोंची गरज पडते.

पण १८४५ मध्ये आयर्लंडात लॉर्ड रॉसनं ७२ इंची आरशातून एम ५१ पाहिली आणि तिचे वळसे हातानं कागदावर काढले. दीर्घिकेला वळसे असतात हे माणसाला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. आरसा काचेचा नव्हता, तांबं-कथलाचा होता, आणि फोटोग्राफी या कामाला अजून निरुपयोगी होती. मी आठ इंचातून पहिल्यांदा एम ५१ चे दोन गोळे पाहिले आणि त्यांच्या मधला पूल ‘आहे की नाही’ यात तासभर गेला. फोटो बघून मला तो तास मिळाला नसता. एवढंच. जेवण तुम्ही खाली जाऊन करता, मी वाकळेखाली भाकरी खातो.

खडूस, २३ नोव्हेंबर

‘आहे की नाही’ यात एक तास. आमच्याकडं याला नळाचं पाणी म्हणतात.

बाई_हिंगोली, २५ नोव्हेंबर

धागा दीर्घिकांचा आहे पण मी धूमकेतूचं सांगते, कारण फसवा आकडा तिथंपण तोच. डिसेंबर २०१८ मध्ये ४६पी विर्टानेन कृत्तिकांजवळून गेला. बातम्यांत आलं, ‘नुसत्या डोळ्यांनी दिसणार’. प्रत ४ च्या आसपास होतीच. मी पोरांना शाळेच्या मैदानावर बोलावलं, गावाचे दिवे चालू, आणि कुणालाच काही दिसलं नाही. तो चंद्रापेक्षा मोठा पसरलेला होता, बालाघाटींच्या अंगणात शिंपडलेल्या पाण्यासारखा. पालक परत जाताना जे बोलले ते इथं लिहीत नाही.

म्हणून २०२३ ला झेडटीएफ आला तेव्हा शहाणी झाले होते. सी/२०२२ ई३, तो हिरवा. १ फेब्रुवारीला तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता, पण पाचला पौर्णिमा. मी थांबले. १० फेब्रुवारीला तो मंगळाजवळ आला, मंगळ रोहिणीच्या वर लाल ठसठशीत, म्हणजे शोधायला खूण आयती. चंद्र रात्री उशिरा उगवणार. सातवी-आठवीच्या अकरा मुली, दोन पालक, एका पालकांच्या शेतात. आमची सहा इंची दुर्बीण लोकवर्गणीची, आरशावर कुणाचा तरी अंगठा कायमचा उमटलेला.

मी त्यांना धूमकेतू दाखवलाच नाही आधी. म्हटलं, आयपीसमध्ये जे दिसतं ते वहीत काढा, तारे टिंबानं, कापसाचा बोळा दिसला तर बोळा. काढलं. मग शेंगा खाल्ल्या, गाण्याच्या भेंड्या झाल्या, तासाभरानं पुन्हा तेच दृश्य काढायला लावलं. एक मुलगी आयपीसला डोळा लावून गप्पच बसली. मग म्हणाली, ‘बाई, बोळा त्या दोन ताऱ्यांच्या मधी होता. आता पल्याड गेलाय.’ बाकीच्या वह्या एकमेकींवर धरून बघायला लागल्या. हालचाल डोळ्यांनी पकडली त्यांनी. तारा कुठला, प्रत किती, काही माहीत नसताना.

कॅरोलाइन हर्शेलनं आठ धूमकेतू शोधले हे मी त्या रात्री सांगितलं, गोदाकाठ सरांची २५३ मात्र आज कळली. यंदा मुलींना तीच दाखवणार.

जाता जाता: आमच्या औंढ्याला लायगो येतंय तर गावात विचारतात, ‘बाई, मोठी दुर्बीण येणार ना?’ ती उजेड बघत नाही, गुरुत्वलहरी मोजते, हे समजावता समजावता माझा घसा बसला. निदान त्या निमित्तानं आजूबाजूचे दिवे कमी झाले असते तर!

कोरडवाहू (धाराशिव जिल्हा), २६ नोव्हेंबर

वाचतोय कधीपासून, आज लिहितो. तुम्ही सगळे आभाळाचं बोलताय, मी जमिनीचं बोलतो.

रात्री माळावर नळकांडं रोखून बसलेला माणूस गावाला कसा दिसतो याचा विचार करा. मी स्वतःच्याच शेतात बसलो होतो. शेजारचे दोघं रात्रीच्या लाइटीवर पाणी द्यायला आलेले. त्यांना वाटलं गुप्तधनवाले आलेत. लांबूनच बॅटरी मारली, मी पांढऱ्या उजेडानं आंधळा, ते काठ्या घेऊन पुढं. ओळख पटल्यावर एकजण म्हणाला, ‘आरं, मग लाल लाइट कशाला? लाल लाइट बघूनच आम्ही घाबरलो.’ गेल्या वर्षी बीड-जालन्याकडं ड्रोन फिरतायत म्हणून गावंच्या गावं रात्र-रात्र जागत होती, त्या दिवसांत तर मी दुर्बीण बाहेरच काढली नाही.

तर नव्यांनी हे करा. दुसऱ्याच्या गावात जाणार असाल तर दिवसा जाऊन पोलीस पाटलांना सांगा, शेतमालकाला सोबत घ्या. पहिल्या अर्ध्या तासात येणाऱ्या प्रत्येकाला चंद्र नाहीतर शनी दाखवा. अमावस्येला चंद्र नसतो, मग शनीच. शनी पाहिलेला माणूस नंतर स्वतःच दुसऱ्यांना ‘बॅटरी बंद कर’ म्हणून दम देतो. बिबट्याचं सांगायला नको, एकट्यानं जाऊ नका. आणि पायात बूट. दगडाखाली काय असेल सांगता येत नाही.

त्या दोघांपैकी एक आता माझ्या आधी माळावर येतो. त्याला तिकांडं, म्हातारीची बाज, सगळं येतं. देवयानी दाखवली तर म्हणाला, ‘हे तर धुकट हाय.’ मी म्हटलं, त्या धुकटात लाखभर कोटी सूर्य आहेत. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ‘मग लाइट बिल कोण भरतं?’

बालाघाटी, २६ नोव्हेंबर

कोरडवाहू, हे चौकटीत लावून घेतो.

ताईंच्या धूमकेतूवरून माझी दोन दुखणी. त्सुचिन्शान-ॲटलस २०२४ ला बरोबर दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, पृथ्वीच्या सर्वांत जवळ. संध्याकाळी पश्चिमेला, शुक्राच्या बाजूला. आणि आमच्याकडं परतीचा पाऊस! रोज संध्याकाळी पश्चिमेलाच ढगांची भिंत. ढग हटले तोवर कोजागरी आली, आटवलेलं दूध आणि धुतलेलं आभाळ. चंद्र उशिरा उगवायला लागल्यावर २१ तारखेच्या सुमारास भुजंगधारीत एकदाचा सापडला. फिका पडलेला, पण दुर्बिणीत शेपूट अख्खं दृश्य ओलांडून जात होती.

यंदा लेमन. २१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन, अमावस्या, धूमकेतू सर्वांत जवळ, स्वातीच्या शेजारी. पंचांगात बघून मी महिनाभर नाचत होतो. दिवाळीला फटाके असतात हे विसरलो. बीडवर त्या संध्याकाळी जो धूर होता त्यात स्वातीच पिवळी पडली होती, लेमन कुठून दिसणार. दोन दिवसांनी शेतात गेलो तेव्हा १०x५० च्या द्विनेत्रीतून दिसला, छोटी सरळ शेपूट.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. दीर्घिकांना फिल्टर लावून काही मिळत नाही, त्यांचा उजेड सगळ्या रंगांत वाटलेला असतो, फिल्टर चांगलं-वाईट सगळंच कापतो. पण वायूचा जोर असलेल्या हिरव्या धूमकेतूला स्वान बँडचा फिल्टर खरंच मदत करतो. कारण तो हिरवा उजेड जोडीनं फिरणाऱ्या कार्बनचा असतो आणि अगदी ठरावीक पट्ट्यांतच येतो. धुळीच्या शेपटीला तो उपयोगाचा नाही, ती सूर्याचाच उजेड परतवते.

गोदाकाठ, २७ नोव्हेंबर

सगळ्यांना हेल-बॉप आठवतो तसा मलाही. १९९७ चा मार्च, लोडशेडिंगचे दिवस, संध्याकाळी वीज गेली की गल्लीतले सगळे आपोआप गच्चीवर, वायव्येला दोन शेपट्या, एक निळसर सरळ, एक पिवळट वाकडी. दुर्बीण लागलीच नाही. त्याचा अर्धा शोध थॉमस बॉपच्या नावावर आहे आणि त्या रात्री त्याच्याकडं स्वतःची दुर्बीणसुद्धा नव्हती, मित्राच्या दुर्बिणीतून एम ७० बघत होता.

वडील मात्र हेल-बॉपला नाकं मुरडायचे. त्यांचं शेंडेनक्षत्र, म्हणजे धूमकेतू, १९६५ चं, इकेया-सेकी. मोट धरायला पहाटे गेले तर पूर्वेला आभाळात उभा झाडू, असं सांगायचे. तो शोधणारा इकेया जपानात पियानोच्या कारखान्यात कामाला होता, आरसा स्वतः घासलेला. ते मी नंतर वाचलं, तोवर वडील गेले होते.

हिवाळ्यात उठवत असेल तर एक सांगतो. पुस्तकात लिहितात, दीर्घिकांचा हंगाम मार्च-एप्रिल, कन्या रास. आपल्याकडं एप्रिलमध्ये आभाळ म्हणजे गिरणीतलं पीठ. धुळीत काही दिसत नाही. तीच कन्या जानेवारीच्या शेवटी पहाटे साडेचारला डोक्यावर असते, हवा धुतलेली असते. तेव्हा उठा. उत्तरा फाल्गुनी आणि कन्येतला विंडेमियाट्रिक्स या दोन ताऱ्यांना जोडणारी रेघ काढा, बरोबर मध्यावर एम ८४ आणि एम ८६. तिथून पुढं दीर्घिकांची साखळीच आहे. उसाचे फड मात्र त्या दिवसांत पेटलेले असतात, वाऱ्याची दिशा बघून जागा निवडा.

लातूरकर_७०, २० डिसेंबर, सकाळी ७:१०

सापडला!!! मला धूमकेतू सापडला!

नीट सांगतो. काल येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. सगळं घर शेतात, भज्जी, आंबील, उंडे, संध्याकाळी हेंडगा फिरवून झाला आणि बाकीचे परत गेले. मी आणि पोरगा कोपीतच थांबलो. तो आंतरतारकीय धूमकेतू ३आय ॲटलस कालच पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता ना, सिंह राशीत, म्हणून चारला उठलो. तो नाही दिसला. पण एम ८१-८२ दिसल्या, दोन्ही, एकाच दृश्यात! मग पूर्वेला स्वातीच्या वर नळी फिरवत होतो तर मधे कापसाचा बोळा. गोल, मध्ये उजळ, कडेला विरत गेलेला. ॲपमध्ये त्या जागी धूमकेतू दाखवत नाही. कुणाला कळवायचं असतं? पोरानं नाव पण ठरवलंय.

गोदाकाठ, २० डिसेंबर

आधी अभिनंदन, एम ८१-८२ बद्दल. ३आय तुमच्या ७० मिमीतून दिसणारच नव्हता. मी आठ इंचातून दोन पहाटा काढल्या आणि पाहिला असं छातीठोक म्हणणार नाही.

आता बोळा. बाईंची परीक्षा केली का? तासाभरानं त्याची जागा बदलली होती?

लातूरकर_७०, २० डिसेंबर

चित्र काढलं होतं पोरानं. पाचला आणि पावणेसहाला. दोन्ही सारखीच आहेत. वितळतोय माझा धूमकेतू.

गोदाकाठ, २० डिसेंबर

तो एम ३. लाखो ताऱ्यांचा गोल गुच्छ, आपल्याच आकाशगंगेचा, बारीक भिंगात तारे सुटे होत नाहीत म्हणून कापूस दिसतो. ॲपमध्ये तारकागुच्छ वेगळ्या यादीत असतात, तिथं बघा.

आणि खट्टू होऊ नका. पॅरिसमध्ये चार्ल्स मेसियेनं ही ‘एम’ची सगळी यादी याच फसगतीसाठी केली. १७५८ मध्ये धूमकेतू बघत असताना वृषभेत दुसराच एक बोळा भेटला, तो हलेना, तो त्याचा एम १. पुढं धूमकेतूंसारखे दिसणारे ठग तो लिहून ठेवायला लागला. एम १ आणि एम २ आधी दुसऱ्यांनीही पाहिलेले होते. त्यानं स्वतः पहिल्यांदा शोधलेला ठग म्हणजे १७६४ चा एम ३. पोराला सांगा, त्याच ठगानं फसवलंय.

पिक्सेल, २० डिसेंबर

पोराचं चित्र टाका इथं. एम ३ चा माझा फोटो शेजारी लावतो.

बालाघाटी, २५ जानेवारी २०२६

कन्येचा अहवाल. चंद्र मध्यरात्रीआधी मावळला, तीनला गजर. आदल्या संध्याकाळी हुरडा होता, आगटी विझली असं समजून बाजूलाच बैठक मांडली आणि वाऱ्यानं निखारे फुलले. वीस मिनिटांचा अंधार गेला. मग पन्नास पावलं लांब, खडकावर.

एम ८४, एम ८६ लगेच. दोन विझत आलेल्या वातींसारख्या. त्यांच्या बाजूला दोन बारक्या, एक जोडी, ‘डोळे’ म्हणतात ती. मग नळी हळूहळू ढकलत गेलो, मोजत. नऊवर थांबलो, दहावी होती की नव्हती यावर शपथ घेणार नाही. एम ८७ मात्र ठळक, गोल, काही हालचाल नाही, नक्षी नाही. २०१९ मध्ये जिच्या पोटातल्या कृष्णविवराचा फोटो आला ती हीच, हे माहीत नसेल तर माणूस पुढं सरकेल.

त्या उजेडाला निघून साधारण साडेपाच कोटी वर्षं झाली. मी ज्या काळ्या पाषाणावर बैठक टेकवली होती तो दख्खनचा लाव्हा, साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे तो उजेड निघाला तेव्हा हा दगड इथंच पडून होता, थंड होऊन. थंडीत बूड दुखत असताना हे सुचलं म्हणून लिहिलं.

विक्रेता_८इंच (परभणी), २६ जानेवारी

मीच तो जाहिरातवाला. दोन महिने गुपचूप वाचतोय. जाहिरात काढली.

पण खरं सांगायचं तर माझ्या आरशात दोष आहेच, आणि तो मीच केलाय. धूळ बसली म्हणून बोअरच्या पाण्यानं धुतला आणि उन्हात वाळवला. आता सगळीकडं पांढरे ठिपके आहेत, घागरीच्या बुडाला असतात तसे. जाहिरातीत हे लिहिलं नव्हतं. घासू का?

गोदाकाठ, २६ जानेवारी

घासू नका! हात लावू नका! आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात ते बादली बघून कळतं. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी पाच लिटर आणा. आरसा त्यात तासभर बुडवून ठेवा, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मग कापसाचा बोळा नुसता पाण्यात तरंगत वरून ओढा, दाबायचं नाही. शेवटी पुन्हा डिस्टिल्ड ओतून उभा ठेवा, सावलीत. जे ठिपके निघणार नाहीत ते राहू द्या. बाईंच्या आरशावर अंगठा आहे, तरी धूमकेतू सरकलेला दिसला.

बालाघाटी, २६ जानेवारी

१७ फेब्रुवारीला अमावस्या आहे. चौदाच्या शनिवारी या सगळे, पाटोद्याला. पोलीस पाटलांना सांगून ठेवतो. आरसा जसा असेल तसा आणा.

विक्रेता_८इंच, २६ जानेवारी

येतो. वाकळ घरून आणू का तिथं आहे?

खडूस, २६ जानेवारी

दोन आणा. मीपण येतोय.